गाल भरतात, दंड उतरतात

नागपूरहून किंवा सेवाग्रामहून कॅन्सरवरच्या केमोची सायकल, म्हणजे औषधांची एक फेरी, घेऊन पोरगं गावी परततं तेव्हा त्याचे गाल भरलेले दिसतात. तब्येत सुधारली म्हणून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण तेच पोरगं जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकतं, चालताना त्याची चप्पल पायातून निसटते. स्नायू झिजत असतात आणि वजनकाट्यावर ते दिसत नाही.

याची मुळं औषधांच्या इतिहासात आहेत. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर केमोचं पहिलं मोठं यश बोस्टनच्या सिडनी फार्बर यांचं. 16 पैकी 10 मुलांमध्ये आजार तात्पुरता मागे हटला, हे त्यांनी 1948 मध्ये मांडलं. त्यांनी वापरलेलं अमिनोप्टेरिन आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झालं होतं. तेव्हा मूल चार महिने जास्त जगलं हेच पुष्कळ; दंड-मांड्यांकडे बघायला सवड कुणाला? पुढे स्टेरॉइड आलं, 1963 मध्ये व्हिंक्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. मुलं बरी होऊ लागली ती याच औषधांनी, आणि स्नायूंवर घाला पडतो तोही यांचाच. स्टेरॉइडने भूक वाढते, चेहरा सुजतो, पण मांड्यांतलं बळ जातं. व्हिंक्रिस्टिनने नसा दुबळ्या होऊन पाऊल नीट उचलत नाही. वर उलट्या, तोंडातले छाले आणि अंथरूण.

स्नायूंच्या झिजेला सार्कोपेनिया हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये दिलं, तेही म्हातारपणाच्या संदर्भात. मुलांकडे लक्ष उशिरा गेलं. त्यांचे स्नायू वाढीला लागलेले असतात, त्यामुळे वयाप्रमाणे न वाढणं हीसुद्धा तूटच.

विदर्भात यात पथ्याची भर पडते. अंडं गरम, डाळ वातूळ. शेतात तूर पिकते आणि आजारी पोराच्या ताटात वरणाचं नुसतं पाणी. त्यात ‘पडून राहा’. हे सगळं मायेपोटी होतं, म्हणून कुणी टोकत नाही. माझ्या मते पहिल्या सायकलच्या आधीच डॉक्टरांनी माय-बापाला बसवून हे बोलायला हवं.

मोजायचं साधन गावातच आहे. कुपोषण ओळखायला अंगणवाडी सेविका दंडाला रंगीत पट्टी लावतात, 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल. पोटातल्या गाठीचं वजन काट्यावर चढतं, दंडात नाही, म्हणून कॅन्सरच्या मुलांचाही दंडघेर मोजतात. पट्टीचे रंग पाच वर्षांपर्यंतच लागू पडतात. थोरल्या पोरांसाठी शिंप्याची टेप पुरते: खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, दर सायकलआधी, आणि आकडा फाईलवर लिहून.