आमच्या माघारी काय? या एका प्रश्नातनं आलेले कायदे

कोल्हापुरातल्या विशेष मुलांच्या पालकांच्या कुठल्याही ग्रुपवर एक मेसेज अधनंमधनं येतोच, मुलगा अठराचा झाला, बँक म्हणते आता त्याची सही पाहिजे नाहीतर गार्डियनशिपचा, म्हणजे कायदेशीर पालकत्वाचा, कागद आणा, तर कलेक्टर ऑफिसला नक्की कुणाला भेटायचं. उत्तरंही ठरलेली. फॉर्म ए भरा, सीपीआर या सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट जोडा, पालकत्व देणाऱ्या लोकल लेव्हल कमिटीची मीटिंग कधी लागते ते विचारून ठेवा. पण ही कमिटी आली कुठनं, मागितली कुणी, हे नव्या पालकांना सहसा कुणी सांगत नाही, आणि ते माहीत असलं की साहेबासमोर बोलताना आपण उपकार मागत नाही एवढं तरी डोक्यात राहतं, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय.

सुरुवात लांबनं करायला लागेल. इंग्रजांचा १९१२ चा इंडियन लुनसी ॲक्ट होता, त्यात वेडा कुणाला म्हणायचं याच्या व्याख्येतच जन्मतः बुद्धी कमी असलेला माणूसपण धरलेला. म्हणजे डाउन सिंड्रोमचं पोरगं आणि मनोरुग्ण, कायद्याला दोघं सारखेच. अपमानच होता तो, पण त्यात निदान जिल्हा कोर्टात जाऊन सज्ञान मुलाचा पालक नेमून घ्यायची सोय होती. पुढं १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट झाला, लागू झाला १९९३ ला, आणि त्यानं मतिमंदत्व हे मानसिक आजारातनं बाहेर काढलं. बरोबरच केलं, पण बाहेर काढून ठेवलं कुठं, तर कुठंच नाही! १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट अज्ञान मुलांपुरता, त्यामुळं अठरा पूर्ण झाले की ज्या आईनं त्याला अजून हातानं भरवायचं ती आई कायद्यानं त्याच्या वतीनं सही करायला परकी. मग उरलं हायकोर्ट, म्हणजे मुंबई, म्हणजे वकील आणि तारखा. चंदगडच्या शेतकऱ्यानं हे कसं करायचं याचा विचार कुणी केलाच नव्हता.

तोपर्यंत आई-बाप गप्प होते असं नाही, ते शाळा काढत होते. मुंबईत १९४४ ला डॉ. होर्मुसजी आणि जेरबानू वकील यांनी जय वकील शाळेची सुरुवात केली ती त्यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता म्हणून. १९७२ ला मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी. दिल्लीत १९९१ ला मेरी बरुआ यांनी ॲक्शन फॉर ऑटिझम सुरू केलं, मुलगा ऑटिस्टिक. सगळीकडं हेच, आधी शाळा मग कायदा, कारण मुलाला सकाळी कुठंतरी पाठवायचं असतं आणि संसदेला काय घाई नसते.

कोल्हापूरचं बघायचं तर शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत पाठवलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड, हे आपण भाषणात कायम सांगतो. पण ज्या मुलाला शाळाच घेत नाही त्याच्या आईबापाच्या बाजूनं उलटा दंड शाळेला बसावा ही कल्पना यायला पुढं जवळजवळ शंभर वर्षं गेली. मधल्या काळात इथं कामं उभी राहिली ती संस्थांच्या जिवावर. १९८४ ला नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही शारीरिक अपंगांसाठीची संस्था काढली, स्वतः व्हीलचेअरवर असलेली बाई. शेंडा पार्कात चेतना आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. या दोन नावांतच एक फरक दिसतो, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला दिसत नाही किंवा चालता येत नाही तो मोठा होऊन स्वतः धरणं धरू शकतो, मंत्र्याशी भांडू शकतो. आमच्या पोरांच्या वतीनं भांडायचं तर आईबापानंच, आणि मोर्चाला जायचं तर पोराला सांभाळायचं कुणी इथनं सुरुवात. कोल्हापूरकरांनी टोल घालवला, पण त्या मोर्चाला घरातनं चौघं बाहेर पडू शकत होते, इथं एक पडला तरी नशीब.

म्हणून झालं काय, तर १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला (लागू फेब्रुवारी १९९६), त्यात सात प्रकार धरले, नोकरीत ३ टक्के आरक्षण दिलं, पण ते दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग-सेरेब्रल पाल्सी यांना. मतिमंदत्व यादीत होतं, आरक्षणात नव्हतं. ऑटिझम तर यादीतपण नाही.

त्याच वर्षी, १९९५ ला, देशभरातल्या पालक संघटनांचा परिवार नावाचा महासंघ उभा राहिला. त्यांचं मागणं नोकरीबिकरीचं नव्हतंच, एकच धोशा, आमच्या माघारी काय. कोण सही करणार, कुठं राहणार, घर त्याच्या नावावर केलं तर चुलता ठेवेल का. यातनं डिसेंबर १९९९ ला नॅशनल ट्रस्ट ॲक्ट आला, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी, सरकारनं एकदाच १०० कोटी ठेवायचे आणि त्यावर ट्रस्ट चालवायचा अशी रचना. निरामय हा एक लाखाचा आरोग्य विमा याच ट्रस्टचा. आणि जिल्ह्याजिल्ह्याला ती लोकल लेव्हल कमिटी, कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती. हायकोर्टाचं काम जिल्ह्याच्या गावी आलं ते असं. (वकिलांनी मागितलेलं हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात यायला ऑगस्ट २०२५ उजाडला, त्या हिशोबानं पालक वकिलांच्या बरेच पुढं निघाले म्हणायचं.)

शाळेचं भांडण मात्र वेगळंच राहिलं. महाराष्ट्रात विशेष शाळा शिक्षण खात्याकडं नाहीत, आधी समाजकल्याणकडं होत्या, २०२२ पासनं वेगळ्या दिव्यांग कल्याण विभागाकडं, म्हणजे आमच्या मुलाचं शिकणं हे शिक्षण नाही तर कल्याण, हे कायम खुपलेलं आहे. २००९ ला शिक्षण हक्क कायदा आला तेव्हा वंचित गटाच्या व्याख्येत अपंग मुलं नव्हतीच! आरडाओरडा झाला, सरकारनं दुरुस्ती करतो म्हणून सांगितलं, आणि ती झाली २०१२ ला. त्यातनं खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा हक्क आला, पण सोबत तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरीच शिक्षणाची सवलतपण आली, आणि यावर पालकांत आजही दोन तट आहेत. गगनबावड्याच्या वाडीतनं रोज मुलाला उचलून आणायचं ज्यांच्या नशिबी आहे त्यांना ती सोय वाटते, बाकीच्यांना शाळेनं हात झटकायची पळवाट. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण मी शहरात राहतो हेपण खरं.

पुढचा मोठा टप्पा बाहेरनं आला. डिसेंबर २००६ चा युनोचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार, भारतानं ऑक्टोबर २००७ ला मान्य केला, आणि त्यात म्हटलंय की प्रत्येक अपंग व्यक्तीला स्वतःचे निर्णय घ्यायची कायदेशीर क्षमता आहेच. झालं, ज्या गार्डियनशिपसाठी पालक झगडले तीच आता अनेक कार्यकर्त्यांना बेडी वाटायला लागली. दोघांचंही बरोबर आहे ही खरी अडचण. पोराच्या नावानं जमीन विकून मोकळे झालेले पालकही असतात, आणि ज्याला भूक लागली एवढंच सांगता येतं त्याच्या वतीनं कुणीतरी सही करायलाच लागते. २०१४ ला राज्यसभेत मांडलेलं दिव्यांग व्यक्ती हक्क विधेयक डिसेंबर २०१६ ला मंजूर झालं, एप्रिल २०१७ पासनं लागू, त्यात मध्यम मार्ग काढला, मर्यादित पालकत्व, म्हणजे ठराविक निर्णयापुरतं, व्यक्तीला विचारून. नॅशनल ट्रस्ट मात्र रद्द केला नाही, दोन्ही कायदे शेजारी शेजारी आहेत आणि अर्ज करणाऱ्याचा गोंधळ होतो तो त्यामुळं. प्रकार सातावरनं २१ झाले, आरक्षण ४ टक्के आणि त्यात पहिल्यांदाच ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता, शिवाय ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड मुलाची.

आईबापांसाठीच्या गोष्टी त्या मानानं चिल्लर वाटतात पण नाहीत. केंद्राच्या कर्मचाऱ्याला असं मूल असेल तर नेहमीच्या बदल्यांतनं सूट, हे २०१४ चं. बालसंगोपन रजेसाठी हिमाचलातली एक प्राध्यापक आई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि एप्रिल २०२४ ला कोर्टानं सांगितलं की अशा आईला रजा नाकारणं हे राज्यघटनेच्या विरोधात जातं.

आणि आत्ताचं ताजं म्हणजे विशेष शिक्षकांचं. प्राथमिकला अशा १० मुलांमागं एक, उच्च प्राथमिकला १५ मागं एक, हे प्रमाण ठरलंय, आणि मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना पदं मंजूर करून भरती करा म्हणून सांगितलंय. आपल्या तालुक्यात अशी किती मुलं पटावर आहेत आणि किती पदं मंजूर, हे जिल्हा परिषदेला माहिती अधिकारात विचारता येतं, अर्ज एका पानाचा, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लागतं.