वाटेवरचे पाणी

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा नहपान या क्षत्रप राजाचा जावई. साधारण 1900 वर्षांपूर्वीच्या या लेखात त्याच्या दानधर्माची लांबलचक यादी आहे. त्यात दमणा, तापी, डाहाणुका अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्याचा उल्लेख येतो आणि पाठोपाठ या नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ केल्याचाही. सभा म्हणजे टेकायची जागा, प्रपा म्हणजे वाटसरूला पाणी पाजायची. आपल्या पाणपोईतली ‘पोई’ ही याच प्रपेची लेक मानली जाते. नावेपाठोपाठ पाणी ही सोय म्हणजे आजच्या भाषेत प्रवासी वाहतुकीचाच भाग झाला.

पाणपोई घालणे हे पुण्यकर्म, पण ती सगळ्यांना सारखी नव्हती. वरून ओंजळीत धार धरायची पद्धत का पडली, हे वेगळे सांगायला नको. ज्यांना परवडत होते ते स्वतःचे भांडे घेऊन निघत. फिरकीचा तांब्या हे त्यासाठीच घडवलेले भांडे. झाकणाला आटे, वर धरायला कडी, पिशवीत आडवा पडला तरी थेंब सांडत नाही. पुन्हा भरायच्या बाटलीचे आजकाल जे कौतुक होते ते सगळे गुण त्यात होते. त्यामागचा हेतू मात्र प्लास्टिक वाचवण्याचा नव्हता, तर दुसऱ्याच्या भांड्याचा विटाळ टाळण्याचा होता. जुन्या वस्तूंच्या आठवणी काढताना ही बाजू सहसा गाळली जाते.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढे सगळ्या जातींची माणसे एका डब्यात बसू लागली. पाण्याची वाटणी मात्र फलाटावरही टिकली. स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे, पाणी पाजणारेही वेगळे. उत्तरेकडे तर या नोकरीवरच्या ब्राह्मणाला ‘पानी पांडे’ असे नावच पडले.

आणि या दोन्ही घागरींपैकी एकही ज्यांची नव्हती त्यांचे काय? 1901 मध्ये साताऱ्याहून निघालेला लहानगा भीमराव आंबेडकर घरच्या मुलांसोबत मसूर स्टेशनवर उतरला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते, त्यांच्याकडे ही मुले चालली होती. मुले महारांची आहेत हे कळल्यावर बैलगाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनी स्वतः हाकायच्या बोलीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले तर मिळाले नाही. डब्यात खायला भरपूर होते, पण पाण्यावाचून घास उतरणार कसा? मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा ही रात्र ते विसरले असतील असे वाटत नाही.

‘चांगले पाणी’ म्हणजे जंतू नसलेले पाणी, हा अर्थ त्या मानाने नवा. लंडनमध्ये जॉन स्नोने 1854 मध्ये पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, संबंध एका पंपाच्या पाण्याशी जोडला. रॉबर्ट कॉखला 1884 मध्ये कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. आपल्याकडे पटकीची धास्ती यात्रांना चिकटलेली होती, पंढरपूरच्या वारीला तर जास्तच. आजही पालखी निघायच्या आधी वाटेवरच्या विहिरींत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर पडते आणि टँकरच्या पाण्याची ओटी टेस्ट होते. नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळे पडले पाहिजे. पिवळे पडले म्हणजे क्लोरीन आहे. लाखो माणसे चालत असताना बाटलीशिवाय पाणी पाजायची याहून मोठी व्यवस्था आपल्याकडे क्वचितच उभी राहते, पण प्रवासातल्या पाण्याबद्दल बोलताना ती कुणी मोजत नाही.

बाटली आली ती वेगळ्याच दाराने. बिसलेरी 1965 मध्ये मुंबईत काचेच्या बाटलीतून विकायला आली. पाणी विकत कोण घेणार म्हणून लोक हसले. गिऱ्हाईक होते ते बड्या हॉटेलांतले. 1969 मध्ये पार्लेने ती विकत घेतली. खरा पसारा वाढला तो काच जाऊन हलके, न फुटणारे प्लास्टिक आल्यावर. रेल्वेच्या आयआरसीटीसीने 2003 मध्ये ‘रेल नीर’ काढले, म्हणजे नळ देणारी रेल्वेच बाटली विकू लागली. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली-मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले. त्यानंतर निकष कडक झाले आणि खप वाढतच राहिला. सील तुटलेले नाही ना, एवढे बोटाने तपासले की आपले समाधान होते. पूर्वी पाजणाऱ्याची जात विचारून व्हायचे, तसे.

मधला मार्ग काढून पाहिला नाही असे नाही. आयआरसीटीसीने स्टेशनांवर पाण्याची यंत्रे बसवली. आपली बाटली लावली की 300 मिलीला 1 रुपया, लिटरला 5. तेव्हा रेल नीर 15 रुपयांना होते, त्यामुळे हिशेब प्रवाशाच्या बाजूचा होता. ही यंत्रे कोविडमध्ये बंद पडली आणि त्यांतली बरीच पुन्हा सुरू झालीच नाहीत.

कायद्याचे म्हणाल, तर महाराष्ट्राने 23 मार्च 2018 ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पाण्याच्या बाटल्यांसाठी त्यात अनामत रक्कम घेऊन रिकामी बाटली परत घ्यायची कल्पना होती. दुकानात रिकामी बाटली देऊन पैसे परत मिळाले, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. देशभरची एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी 1 जुलै 2022 पासून लागू झाली. तिच्या यादीत स्ट्रॉ आहे, काटे-चमचे आहेत, कान कोरायच्या काड्यासुद्धा आहेत. पाण्याची बाटली नाही.