वास किती वेळ टिकतो? डास पळवणाऱ्या वनस्पतींची कसोटी

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या कित्येक घरांत अर्ध्या कापलेल्या लिंबात लवंगा खोचून ठेवल्या जातात, दिवेलागणीला कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याची धुरी होते आणि खिडकीत तुळशीशेजारी गवती चहाची कुंडी येते. या उपायांची टिंगल करण्याचे कारण नाही. लवंगेतील युजेनॉल आणि गवती चहातील सिट्राल हे पदार्थ डासांना खरोखरच नकोसे असतात, हे प्रयोगशाळांमध्ये अनेकदा दिसून आले आहे. मात्र वनस्पतीत गुण आहे की नाही, हे ठरवणे तुलनेने सोपे असते. तो गुण किती मात्रेला, कोणत्या डासावर आणि किती वेळ चालतो, हे ठरवणे अवघड असते, आणि बहुतेक घरगुती उपाय अडखळतात ते इथेच.

चावते ती फक्त मादी, कारण अंडी पोसण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, घामातील लॅक्टिक आम्ल आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ती आपल्यापर्यंत पोहोचते. वनस्पतींमधील सुगंधी तेले या गंधज्ञानात व्यत्यय आणतात. त्यासाठी तेलाचे रेणू हवेत उडावे लागतात आणि जे उडते ते संपतेही लवकर. या तेलांचा गुण आणि दोष दोन्ही एकाच जागी आहेत, ते असे.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीच्या पद्धतीत घड्याळाला फार महत्त्व आहे. साधारण हातभर लांबी-रुंदीच्या जाळीच्या पिंजऱ्यात दोनशे ते अडीचशे माद्या सोडतात. त्या प्रयोगशाळेतच वाढवलेल्या, म्हणजे रोगमुक्त, आणि आधी रक्त न प्यायलेल्या असतात. चाचणीपूर्वी त्यांचे साखरपाणीही बंद ठेवतात. स्वयंसेवकाने आदल्या दिवसापासून अत्तर, सुगंधी साबण आणि तंबाखू टाळायची असते. तळहातावर हातमोजा चढवून कोपरापर्यंतचा उघडा हात, काहीही न लावता, आधी पिंजऱ्यात घालतात. अर्ध्या मिनिटात किमान १० माद्या त्यावर बसल्या नाहीत, तर डास पुरेसे भुकेले नाहीत असे समजून पुढची चाचणी होत नाही. ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण घरात एखाद्या संध्याकाळी डास कमी दिसले तर ते धुरीमुळे, वाऱ्यामुळे की मुळातच कमी होते म्हणून, हे आपल्याला कधीच कळत नाही. त्यानंतर त्याच हातावर मोजून एक मिलिलिटर द्रावण लावतात आणि ठरावीक वेळाने हात पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात घालून पहिली मादी केव्हा बसते किंवा चावू पाहते, ते टिपतात. तुलनेसाठी डीट हे प्रस्थापित रसायन वापरतात.

थायलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ सुगंधी तेले पिंजऱ्यात हात घालूनच तपासली गेली. लवंग, सिट्रोनेला (गवती चहाच्या जातकुळीतील गवत), पॅचौली ही सुगंधी वनस्पती आणि आपल्या तिरफळाच्या जातकुळीतील एका झाडाचे तेल, ही चार तेले सरस ठरली. त्यांतही लवंगेचे तेल २ ते ४ तास टिकले. पण हे सारे शुद्ध, पातळ न केलेल्या तेलाचे आकडे आहेत. तीच तेले १० किंवा ५० टक्क्यांवर आणली, तेव्हा एकाही तेलाने पूर्ण २ तास संरक्षण दिले नाही. आणि शुद्ध लवंगतेल त्वचेवर चोळणे म्हणजे आग ओढवून घेणेच आहे. मग लिंबात खोचलेल्या सुक्या लवंगा खोलीभर किती युजेनॉल सोडत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. अमेरिकेत २००२ साली झालेल्या चाचणीत सुमारे २४ टक्के डीट असलेले उत्पादन पाच तास टिकले, तर सिट्रोनेलावर आधारित बहुतेक उत्पादने २० मिनिटेही टिकली नाहीत.

तरीही वनस्पतींच्या बाजूने एक भक्कम उदाहरण आहे. लिंबाच्या वासाच्या एका जातीच्या निलगिरीचे तेल काढल्यावर मागे जो चोथा आणि पाणी उरते, त्यात डासांना दूर ठेवणारा पदार्थ चीनमधील संशोधकांना सापडला. त्याचे नाव पीएमडी. तो जड असल्यामुळे सावकाश उडतो आणि योग्य प्रमाणात वापरल्यास डीटच्या जवळपास पोहोचतो. तीन वर्षांखालील मुलांना मात्र तो लावू नये असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे औषधांच्या दुकानात सर्दीसाठी मिळणारे निलगिरी तेल वेगळ्या जातीचे असते आणि त्यात मुख्यतः सिनिओल असते. दोन्ही बाटल्यांवर निलगिरी लिहिलेले असले तरी एकीचे काम दुसरी करणार नाही.

मुंबईत डास कोणता, हाही प्रश्न येतोच. १९११ साली हिवतापाचे अभ्यासक डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी या शहरातील हिवतापाची चौकशी करताना विहिरींकडे बोट दाखवले होते. त्या विहिरींत आणि आजच्या गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा, हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा डास रात्री चावतो. डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो, त्यामुळे दिवेलागणीची धुरी त्याच्यासाठी उशिराच होते. शिवाय बंद खोलीतला धूर फुप्फुसांना चांगला नाही, मग तो कॉइलचा असो वा कडुनिंबाचा.

उडून जाणाऱ्या तेलांना धरून ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. थायलंडमध्येच हळद, सिट्रोनेला आणि तुळशीच्या एका भाऊबंदाच्या तेलांत ५ टक्के व्हॅनिलिन (व्हॅनिलाला वास देणारा पदार्थ) मिसळल्यावर संरक्षणाची मुदत ८ तासांपर्यंत गेली होती. पण तेथेही हात स्थिर होता आणि खोली नियंत्रित होती. विरारच्या गर्दीच्या लोकलमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाचा हात घामाने निथळत असतो, बाहीला घासत असतो आणि उकाड्यात तेल अधिक वेगाने उडत असते. म्हणून वेष्टनावर छापलेले तास मुंबईच्या जून महिन्यात थोडे कमीच धरावेत आणि लेप लवकर पुन्हा लावावा.