गाठ कसली, आणि गाठ कुठे?

मेंदूत गाठ आहे असं कळलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, 'कॅन्सर आहे का?' प्रश्न रास्त आहे, पण 'गाठ नेमकी कुठे आहे?' हेही तितक्याच आग्रहाने विचारायला हवं. मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो तो कवटीचा तळ छिद्राछिद्रांचा असतो. डोळे, कान, चेहरा आणि घशाच्या नसा, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या, सगळ्यांची वाट त्याच छिद्रांतून. इथे दोन-अडीच सेंटिमीटरची साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठही माणसाला हैराण करते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या पियुषिका ग्रंथीची गाठ घ्या. ती वर सरकली की दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दाब येतो. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंच्या कडा अंधारतात. दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागतो आणि माणूस चष्म्याचा नंबर बदलून घेतो! अशी गाठ आता बहुतेक वेळा नाकातून, दुर्बिणीने काढतात. नाकाची वाट जुनीच. 1907 साली हेर्मान श्लोफर यांनी त्या वाटेने पहिली शस्त्रक्रिया केली. मेंदूभोवतालचं पाणी नाकात गळू नये म्हणून, गरज पडल्यास, नाकाच्या पडद्याचंच अस्तर वळवून भोक बुजवतात. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) बनवणारी गाठ मात्र अनेकदा नुसत्या गोळ्यांनी आटते.

ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवरची गाठ, ॲकॉस्टिक न्यूरोमा, हळूहळू वाढते. फोन नकळत दुसऱ्या कानाला जातो. लहान असेल तर ठरावीक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवतात किंवा गॅमा नाइफने, म्हणजे नेमका गाठीवरच मारा करणाऱ्या यंत्राने, किरणं देतात. मोठी असेल तर शस्त्रक्रिया. चेहऱ्याची नस गाठीवर कागदासारखी पातळ ताणलेली असते. तिला चिकटलेला थर सर्जनने तसाच सोडला, तर त्याला अर्धवट काम म्हणू नये. चेहरा वाचवण्यासाठीच तो सोडलेला असतो.

मेंदूच्या आवरणातून येणारा मेनिंजिओमा बहुधा साधाच असतो. कॉर्डोमा ही कवटीच्या तळाची आणखी एक गाठ; दुर्मीळ, पण हाडात घुसणारी. शस्त्रक्रियेनंतर तिला बऱ्याचदा प्रोटॉन किरणं देतात.

ग्लायोमाचं दुखणं वेगळं. तो मेंदूच्याच पेशींतून उगवतो आणि त्याला स्पष्ट कड नसते. त्यातला ग्लायोब्लास्टोमा सर्वांत आक्रमक. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध देऊनही तो बहुतेकदा उलटतो. गाठ भाषेच्या केंद्राजवळ असेल तर काही रुग्णांना शस्त्रक्रियेत जागं ठेवतात. रुग्ण चित्रं बघून नावं सांगत राहतो, सर्जन मेंदूच्या एकेका जागी सौम्य विद्युतप्रवाह देऊन बघतो. शब्द अडखळला की ती जागा तशीच राहू देतात.