क्रिल मोजायचा तर पेंग्विनच्या दारात बसा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाण मिळावं म्हणून नागपुरात दरवर्षी केवढी धडपड चालते! पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, जिथे जमेल तिथे. मे महिन्यात जंगलातलं पाणी आटलेलं असतं, त्यामुळे वाघापासून सायाळीपर्यंत सगळ्यांना पाणवठ्यावर यावंच लागतं. जनावरामागे धावायचं नाही, ते जिथे येणारच तिथे गपचूप बसायचं. या रात्रीच्या मोजणीला आता कुणी शास्त्रीय गणना म्हणत नाही, वाघांचे आकडे कॅमेरा ट्रॅपमधून येतात. पण मचाणामागची युक्ती पक्की आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या मासेमारीवर नजर ठेवणारे शास्त्रज्ञ गेली चाळीसेक वर्षं तीच वापरत आहेत.

त्यांना हिशेब हवा असतो क्रिलचा. कोळंबीसारखा दिसणारा हा जीव फार तर 6 सेंटिमीटर लांब आणि एक-दोन ग्रॅम वजनाचा. पेंग्विन, सील, देवमासे, सगळ्यांचं पोट यावर. माणसालाही तो हवा असतो, मत्स्यशेतीतल्या माशांच्या खाद्यासाठी आणि ओमेगा-3 च्या लाल कॅप्सूलसाठी. त्याचे थवे कधी कित्येक किलोमीटर पसरतात, तर कधी रिकाम्या पाण्यात दिवसभर फिरूनही एक दिसत नाही. वाघासारखे पट्टे नाहीत, की एकेकाला ओळखून मोजावं.

मग जहाजावरून पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि थव्यावर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वजन काढायचं. सन 2000 मध्ये चार देशांच्या जहाजांनी अटलांटिकच्या बाजूचा दक्षिण महासागर असा पिंजून काढला. उत्तर आलं सुमारे 4.4 कोटी टन. पुढे त्याच नोंदी नव्या सूत्राने तपासल्या तर 3.7 कोटी, आणि 2010 मध्ये आणखी सुधारल्या तर 6 कोटी! समुद्र तोच, नोंदी त्याच. फरक एवढाच, की पोहताना क्रिलचं अंग किती कललेलं असतं आणि त्यावरून ध्वनी किती परततो, याची समज बदलत गेली. 2019 ला पुन्हा सर्वेक्षण झालं तेव्हा आकडा आला 6.26 कोटी टन. मला या आकड्यांपेक्षा त्यांचं हेलकावणं जास्त बोलकं वाटतं. एवढा प्रचंड साठा दर हंगामाला मोजणं परवडतही नाही.

म्हणून क्रिल खाणाऱ्यांच्या दारात बसायचं. पेंग्विन समुद्रात कुठेही भटकला तरी अंडी घालायला त्याला किनाऱ्यावर यावंच लागतं, तेही बहुधा त्याच वसाहतीत. 1982 मध्ये अमलात आलेल्या अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संवर्धन कराराचा पायाच हा आहे, की पकडल्या जाणाऱ्या जिवाबरोबर त्याच्यावर जगणाऱ्यांचाही विचार करायचा. हा करार राबवणाऱ्या आयोगाचं कार्यालय टास्मानियातल्या होबार्टला आहे आणि भारत 1986 पासून त्याचा सदस्य आहे. आयोगाने 1985 मध्ये परिसंस्थेवर देखरेखीचा कार्यक्रम आखला. त्यात अ‍ॅडेली, चिनस्ट्रॅप, जेंटू, मॅकरोनी हे पेंग्विन, फर सील आणि काळ्या भुवईचा अल्बट्रॉस असे मोजकेच जीव निवडले. पक्षी समुद्रावरून आला तेव्हा वजन किती, चारा आणायला गेला तो किती तासांनी परतला, किती पिल्लं जगली, घरटं सोडताना पिल्लू किती किलोचं होतं, हे सगळं वर्षानुवर्षं एकाच ठरलेल्या पद्धतीने टिपायचं. क्रिल जवळ आणि भरपूर असेल तर आई-बाप लवकर परततात, पिल्लू गुबगुबीत होतं. लांब किंवा कमी असेल तर फेऱ्या लांबतात.

ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळाजवळ बेशर्वेझ बेटावर तर अ‍ॅडेली पेंग्विनच्या येण्याजाण्याच्या वाटेवर छोटा धर्मकाटाच बसवला होता. पक्ष्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. तो काट्यावरून गेला की ओळख, वेळ आणि वजन आपोआप नोंदलं जातं. जातानाचं वजन आणि येतानाचं वजन यांतल्या फरकावरून पिल्लासाठी काय आणलं याचा अंदाज येतो.

पूर्वी ओळखीसाठी पंखाला धातूचा पट्टा बांधत. सोपं होतं, लांबून आकडा वाचता यायचा. किंग पेंग्विनवर दहा वर्षं चाललेल्या एका अभ्यासाने 2011 मध्ये दाखवून दिलं, की पट्टेवाल्या पक्ष्यांना इतरांपेक्षा 39 टक्के कमी पिल्लं झाली आणि त्यांचं जगण्याचं प्रमाणही 16 टक्क्यांनी घटलं. पट्टा पोहताना पाण्याला अडतो. म्हणजे ज्या घटीचं खापर हवामानावर फोडलं जात होतं, तिचा काही वाटा मोजणाऱ्यांच्याच पट्ट्याचा असू शकतो! पोटातलं अन्न बघण्यासाठी पक्ष्याला पाणी पाजून ओकायला लावत, तेही आता मागे पडत चाललंय. विष्ठेतल्या डीएनएवरून जेवण कळतं.

विष्ठा आणखीही कामी आली आहे. नागपुरात अमरावती रोडवरच्या दूरसंवेदन केंद्रात उपग्रहचित्रांवरून पिकं आणि जंगलं वाचतात. तशाच चित्रांत ब्रिटिश शास्त्रज्ञांना 2009 मध्ये बर्फावर तपकिरी डाग सापडले. ते होते एम्परर पेंग्विनच्या वसाहतींच्या विष्ठेचे, आणि त्यांतल्या दहा वसाहती तोवर कुणाला माहीतच नव्हत्या. डेंजर बेटांवरच्या अ‍ॅडेलींचा पत्ताही असाच लागला. तिथे जाऊन, ड्रोनने फोटो काढून मोजलं तर साडेसात लाख जोड्या निघाल्या.

इथवर सगळं छान. अडचण सुरू होते अर्थ लावताना. पिल्लं बारीक राहिली, पण कशामुळे? त्या वर्षी समुद्रावर बर्फ कमी होता? (बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणारं शेवाळ हेच क्रिलच्या पिल्लांचं हिवाळ्यातलं अन्न.) शिकारबंदीनंतर पुन्हा वाढू लागलेल्या देवमाशांनी जास्त खाल्लं? की जहाजांनी ओढून नेलं? तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

आणि इथेच एक टक्का या आकड्याने घोळ घातलाय. अटलांटिकच्या बाजूला आयोगाने ठरवलेली मर्यादा आहे वर्षाला 6 लाख 20 हजार टन, म्हणजे साठ्याच्या जेमतेम 1 टक्का. ऐकायला अगदी सुरक्षित. पण जहाजं सगळ्या महासागरात सारखी पसरत नाहीत, थवे दाट असतात तिथेच गर्दी करतात, आणि पेंग्विनही तिथेच जातात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या तीसेक वर्षांच्या पेंग्विन-नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2020 मध्ये आला. एखाद्या छोट्या भागातली मासेमारी तिथल्या क्रिलच्या मानाने जास्त झाली, की पेंग्विनवर होणारा परिणाम प्रतिकूल हवामानाच्या वर्षाइतका असू शकतो, असं त्याने मांडलं. सगळ्यांना तो मान्य नाही. मला मात्र त्याचा मुद्दा रास्त वाटतो. पिल्लू घरट्यात असताना आईला सगळा महासागर उपयोगाचा नसतो, दिवसाभरात जाऊन येता येईल तेवढाच असतो.

आयोगालाही हे कळत नव्हतं असं नाही. मासेमारी एकाच जागी एकवटू नये म्हणून एकूण मर्यादा चार उपविभागांत वाटून दिली होती. द्वीपकल्पाच्या वाट्याला होते 1 लाख 55 हजार टन. पण ही वाटणी मुदतीची होती, आणि आयोगाचे निर्णय एकमतानेच होतात. 2024 च्या बैठकीत मुदतवाढीवर एकमत झालं नाही, वाटणी संपली, एकूण मर्यादा तेवढी उरली. पुढच्याच हंगामात जहाजांनी ती 6 लाख 20 हजारांची मर्यादा पहिल्यांदाच गाठली आणि ऑगस्ट 2025 मध्ये, हंगाम संपायच्या कितीतरी आधी, मासेमारी बंद करावी लागली.