रात्री अकराचं क्रिकेट आणि ‘अनिवासी’ नावाचा गुंता

९ जून २०२४ला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर भारत-पाकिस्तान सामना झाला, तो सकाळी साडेदहाला. मैदान चौतीस हजारांचं आणि तात्पुरतं, खेळपट्ट्या फ्लोरिडात वाढवून ट्रकने आणलेल्या. साडेदहा ही वेळ काही न्यूयॉर्ककरांच्या सोयीने ठरली नव्हती. तेव्हा भारतात रात्रीचे आठ वाजतात. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय पोरांनी ज्या सामन्यांसाठी वर्षानुवर्षं रात्री जागवल्या, तो सामना एकदाचा त्यांच्या दारात आला, पण येताना घड्याळ मुंबईचंच लावून आला.

अशा गर्दीला आपल्याकडे सरसकट ‘एनआरआय’ म्हणायची पद्धत आहे. त्यातला एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावरचा विद्यार्थी नेमका कुठला रहिवासी, याची उत्तरं मात्र ज्याला विचाराल त्याच्याकडे वेगळी आहेत. तिकडे नंतर येतो.

सुरुवात खूप मागे नेता येईल. केंब्रिजला शिकायला गेलेला काठियावाडचा राजपुत्र १८९६ साली मँचेस्टरला इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळला आणि ६२ व नाबाद १५४ धावा काढून मोकळा झाला. ऑक्सफर्डला शिकलेल्या एका नवाबाने डिसेंबर १९३२मध्ये सिडनीला इंग्लंडसाठी शतक ठोकलं आणि १९४६मध्ये तोच भारताचा कप्तान म्हणून इंग्लंडला गेला. तू नक्की कुठला, असं त्यांना कोणी खोदून विचारलं नसावं. संस्थानिकांना कोण विचारतो! पुढच्या काही दशकांतल्या साध्या विद्यार्थ्याचं क्रिकेट म्हणजे निळं एरोग्राम. इंग्लंडमध्ये असलात तर १९५७पासून रेडिओवर चेंडूगणिक समालोचन तरी होतं. अमेरिकेत वर्तमानपत्रात क्रिकेट शोधून सापडायचं नाही. निकाल घरच्या पत्रातून कळायचा, तोही बाबांच्या मतांसकट.

खरी उलथापालथ झाली ती १९९३मध्ये. मिनेसोटातल्या विद्यापीठात काम करणाऱ्या एका ब्रिटिश संशोधकाने मार्चमध्ये क्रिकेटचे स्कोअर साठवणारी आणि मागाल तेव्हा देणारी एक सोय उभी केली, तीच क्रिकइन्फो. आज ती केवढी झाली आहे हे सांगायची गरज नाही. सांगण्यासारखी गोष्ट ही, की ती चालवली स्वयंसेवकांनी आणि त्यात अमेरिकेत पीएचडी-एमएस करणारी उपखंडातली मुलं मोठ्या संख्येने होती. कोणी टीव्हीसमोर, कोणी रेडिओ कानाला लावून चेंडू टाइप करायचा आणि ते चॅट चॅनलवर जगभर जायचं. घरापासून लांब असलेल्यांनी, लांब असलेल्यांसाठी केलेलं हे काम. भारतातल्या घराघरांत इंटरनेट यायला अजून बराच अवकाश होता. म्हणजे काही वर्षं अशी गेली की आकडेवारीच्या बाबतीत अमेरिकेतल्या लॅबमधला पोरगा पुण्यातल्या पोरापेक्षा जास्त जाणकार होता आणि एकही चेंडू डोळ्यांनी बघत नव्हता.

२२ एप्रिल १९९८ला शारजातल्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात वाळूचं वादळ आलं. टीव्हीवर बघणाऱ्यांना ते दिसलं. स्क्रीनवर वाचणाऱ्यांसाठी स्कोअर नुसता थांबला. सर्व्हर बसला असं समजून आमच्या आधीच्या बॅचच्या मुलांनी म्हणे तीन मशीन बदलून पाहिली.

मला सगळ्यात जवळून माहीत आहे ती १३ मार्च २००१ची रात्र. मंगळवार होता. पूर्व किनाऱ्यावर रात्री अकराच्या सुमारास कोलकात्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीच्या चौथ्या दिवसाचा खेळ सुरू झाला. आपण फॉलोऑन घेतलेला, ४ बाद २५४. लॅबमध्ये सहा जण होतो: चार आपले, एक कराचीचा, एक कोलंबोचा. पान रिफ्रेश केलं की अक्षरांच्या ओळी यायच्या. नो रन, नो रन, फोर, नो रन. दीड वाजता एकजण म्हणाला, लंचपर्यंत टिकले, आता झोपतो. गेला नाही. अडीचला कराचीवाला मॅगी करून घेऊन आला आणि कोणी कुठल्या खुर्चीवरून उठायचं नाही असा ठराव झाला. सकाळी सहाला खेळ संपला तेव्हा ४ बाद ५८९. दिवसभरात ३३५ धावा, एकही गडी बाद नाही. सफाईला आलेल्या काकांनी विचारलं, परीक्षा आहे का? आम्ही हो म्हणालो. नाहीतरी काय सांगणार होतो?

दुसऱ्या रात्री, म्हणजे शेवटच्या सत्रात, मी कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला. आई म्हणाली, “अरे बोल ना काहीतरी, नुसता गप्प का?” म्हटलं, “तू रिसीव्हर टीव्हीजवळ धर आणि स्वयंपाकघरात जा.” तिने तो टीव्हीसमोरच्या स्टुलावर ठेवला. फोनमध्ये ईडन गार्डन्सचा गजर यायचा, कोण गेलं ते कळायचं नाही. मग अर्ध्या मिनिटाने पानावर ‘आउट’ उमटायचं. शेवटचा गडी पडला तेव्हा कार्डावरची मिनिटं संपून लाइन तुटली होती. १७१ धावांनी जिंकल्याचं पानावरच वाचलं.

योगायोग असा की त्याच सुमारास या मुलांची संख्या एकदम वाढली. अमेरिकेत येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत २००१-०२ साली भारत प्रथमच पहिल्या क्रमांकावर गेला: ६६,८३६. (२०२३-२४चा आकडा ३,३१,६०२ आहे.) एवढ्या संख्येला बाजारपेठ म्हणतात. २००३च्या विश्वचषकाला वर्गणी काढून कोणाच्या तरी अपार्टमेंटवर डिश बसली. २३ मार्चची ऑस्ट्रेलियाविरुद्धची जोहान्सबर्गची अंतिम फेरी पूर्व किनाऱ्यावर पहाटे तीनला सुरू झाली. पहिल्या षटकातच पंधरा धावा गेल्या, समोर ३५९ झाल्या, आणि आम्ही सगळे २३४ धावा संपेपर्यंत वर्गणी वसूल करत बसून राहिलो.

आता ‘अनिवासी’ या शब्दाकडे.

अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतर कायद्यानुसार विद्यार्थी व्हिसा त्यालाच मिळतो, ज्याचं मायदेशी घर आहे आणि ते कायमचं सोडायचा ज्याचा इरादा नाही. व्हिसाच्या खिडकीवर सगळा खेळ तेवढ्याचाच. तू परत जाणार आहेस, हे दोन-तीन मिनिटांत पटलं नाही तर कलम २१४(ब)खाली नकार. त्यासाठी आईवडिलांच्या फ्लॅटचे कागद, सीएचं प्रमाणपत्र, काय काय घेऊन पोरं उभी राहतात.

भारताच्या बाजूने १९९९चा परकीय चलनाचा कायदा जून २०००पासून लागू झाला. त्यात आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त भारतात राहिलेला तो निवासी; पण नोकरी, धंदा किंवा ‘अनिश्चित काळासाठी बाहेर राहण्याचा इरादा’ दिसेल अशा कारणाने जो गेला तो नाही. विद्यार्थी या वाक्यात कुठे बसतो यावर घोळ होता. ८ डिसेंबर २००३ला मध्यवर्ती बँकेने परिपत्रक काढून तो मिटवला: परदेशी शिकणारे विद्यार्थी अनिवासी धरायचे. म्हणजे एका सरकारला पोरगा शपथेवर सांगतो की मी नक्की परतणार, आणि दुसरं सरकार त्याच्याच बाबतीत नोंद करतं की याचं परतणं अनिश्चित.

निर्णयाची बाजू घेणारे सांगतात की यात विद्यार्थ्याचंच भलं झालं. तिथे अर्धवेळ काम करून खर्च भागवावा लागतो, तर मिळालेले डॉलर बाळगायची मोकळीक हवी. अनिवासी खाती उघडता येतात. इथे निवासी असताना घेतलेलं शैक्षणिक कर्ज तसंच चालू राहतं. घरून पैसे मागवायची मर्यादाही सैल होते. यातलं काही खोटं नाही. पण जाण्याआधीचं साधं बचत खातंही मग अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं, हे किती पालकांना ठाऊक असतं? आमच्या बाबांना २००४मध्ये एका बँकेच्या शाखेत हे कळलं, तेही काउंटरवरच्या बाईंनी चार लोकांत मोठ्याने सांगितल्यावर. बाबा घरी येऊन तासभर धुसफुसत होते. “अनिवासी म्हणे! शिकायला गेलाय तो, पळून नाही गेला.” पैशांचा तोटा काहीच नव्हता. पण शब्द लागला. मला विचाराल तर परिपत्रकाचा हेतू चांगला आणि शब्द आळशी. ‘परदेशस्थ विद्यार्थी’ असा वेगळा वर्ग करायला कोणाचे हात बांधले नव्हते.

त्यावर आयकराचा हिशेब निराळाच. तिथे दिवस मोजतात. ऑगस्टमध्ये गेलेल्या मुलाचे त्या आर्थिक वर्षात भारतातले साठहून जास्त दिवस भरतात आणि मागच्या चार वर्षांचे ३६५ केव्हाच भरलेले असतात. साठाऐवजी १८२ धरायची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला लिहिलेली आहे, शिकायला जाणाऱ्याला नाही. तेव्हा पहिल्या वर्षी तोच मुलगा आयकराला निवासी आणि परकीय चलनाला अनिवासी. इथे सीएदेखील एकदा चष्मा काढून पुसतात.

आणि क्रिकेट? त्याचीही रहिवाशाची व्याख्या आहे. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारी मक्तेदारी चालणार नाही, असं ठरवलं. तो वादही क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून, १९९३मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने भरवलेल्या स्पर्धेवरून पेटला होता. नंतर प्रक्षेपणाचे हक्क हे विकायचं मोठं घबाड झालं आणि ते प्रदेशवार कापून विकले गेले: उपखंडाचा गठ्ठा वेगळा, उत्तर अमेरिकेचा वेगळा. या व्याख्येत इरादा कोणी विचारत नाही, दिवसही कोणी मोजत नाही. मशीनचा आयपी पत्ता बघायचा की झालं. २०११च्या विश्वचषकाचा अंतिम सामना २ एप्रिलला पूर्व किनाऱ्यावर पहाटे पाचला सुरू झाला, तेव्हा पैसे भरून बघणारे आणि कुठल्या तरी चोरट्या लिंकवर थबकत थबकत बघणारे असे दोन गट प्रत्येक घरात होते. वानखेडेवरचा तो शेवटचा षटकार मी दोनदा ऐकला. शेजारच्या खोलीतल्यांचा ओरडा आधी, आमच्या स्क्रीनवर नंतर.

खेळणाऱ्यांसाठी आणखी एक रहिवास आहे. त्यात नागरिकत्व लागत नाही, तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं. मुंबईचा एक डावखुरा वेगवान गोलंदाज २०१०मध्ये भारताकडून १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, पुढे जमेना म्हणून २०१५मध्ये न्यूयॉर्क राज्यात संगणकशास्त्रात मास्टर्स करायला गेला आणि इंजिनिअर म्हणून नोकरीला लागला. ६ जून २०२४ला टेक्सासमध्ये पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्यानेच टाकली आणि अमेरिका जिंकली. १२ जूनला त्याच लाँग आयलंडवर, त्याच साडेदहाच्या मुहूर्तावर, समोर भारत. त्याने भारताच्या एका सलामीवीराला पहिल्याच चेंडूवर आणि कप्तानाला तीनवर घालवलं. भारत सात गडी राखून जिंकला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ज्यात आता अर्धे अमेरिकन नागरिक आहेत, त्या दोन विकेटनंतर कोणी काय टाकावं हे कोणालाच सुचलं नाही. शेवटी कोलंबोवाल्याने हसून लोळणारा चेहरा टाकला.

२०२३मध्ये भारतात आयपीएल मोबाइलवर फुकट झाली. त्या वर्षी माझी भाची टेक्सासमध्ये मास्टर्सच्या दुसऱ्या सत्रात होती. संध्याकाळी साडेसातचा सामना तिच्याकडे सकाळी नऊला लागायचा, नेमका लेक्चरच्या वेळी. भारतातलं अॅप तिच्या फोनवर होतं, घरचा नंबर टाकून उघडलेलं. ते सांगायचं, तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. तिथलं सदस्यत्व तिने घेतलं नाही, डॉलरचे रुपये करून बघितल्यावर कोणीच घेत नाही. ज्या दिवशी लेक्चर नसेल त्या दिवशी ती व्हिडिओ कॉल करायची. माझी ताई फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टीव्हीसमोर ठेवायची आणि भाजी निवडायला आत जायची.