कललेलं झाड आपोआप पडतं, आणि घोळ तिथेच होतो

परवा एका ग्रुपवर एक क्लिप आली, बहुतेक तुम्हालाही फॉरवर्ड झाली असेल. एक माणूस चेनसॉ घेऊन चांगल्या जाड, एका बाजूला कललेल्या झाडाच्या मागे उभा आहे, मागून कापत चाललाय, सगळं नीट चाललंय असं वाटतं, आणि अचानक धाड आवाज येऊन खोड उभंच्या उभं फाटतं. मागचा अर्धा भाग खालून सुटून वर उचलला जातो आणि माणूस जिथे उभा होता तिथून सप्पकन जातो. सुदैवाने तो तेवढ्यात बाजूला झाला होता. खाली कमेंट्स बघितल्या तर अर्ध्या लोकांचं म्हणणं "झाडाने सूड घेतला", उरलेल्या अर्ध्यांचं "कललेलं झाड म्हणजे सोपं काम, मागून कापा, पडतंय आपोआप, याला जमलं नाही". सूड वगैरे राहू द्या, झाडाला तेवढा वेळ नाही. पण दुसरी कमेंट जास्त डेंजर आहे असं माझं मत, कारण ती ऐकून कुणीतरी खरंच करवत हातात घेईल.

मी ती क्लिप पाऊण स्पीडला दहा-बारा वेळा बघितली, आणि खरं सांगतो, यात भौतिकशास्त्राचा इतका सुंदर नमुना आहे की राहवलं नाही.

सरळ झाड पाडायची साधी पद्धत आधी बघू. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला पाचरीच्या आकाराची खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश खोल. मग विरुद्ध बाजूने मागचा कट घ्यायचा, पण आरपार नाही, मध्ये लाकडाची एक पट्टी ठेवायची, जाडीच्या दहा टक्के वगैरे. ही पट्टी म्हणजे बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड या पट्टीवर फिरत खाली येतं, म्हणून दिशा आपल्या ताब्यात राहते. खाच अरुंद, म्हणजे ४५ अंशांची असेल तर झाड अर्ध्यावर येईपर्यंत खाचेचे ओठ मिटतात आणि बिजागरी तुटते, मग उरलेला प्रवास झाड स्वतःच्या मर्जीने करतं. म्हणून आता ७० अंशांच्या आसपास उघडी खाच घ्यायला शिकवतात. इथपर्यंत सोपं आहे.

आता झाड कलंडलेलं आहे आणि पाडायचंय पण त्याच बाजूला. वाटतं की बरंच झालं, गुरुत्वाकर्षण फुकटात मदत करणार. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कललेलं झाड हे वाकवून धरलेल्या धनुष्यासारखं आहे. वरच्या म्हणजे पाठीच्या बाजूचे तंतू ताणलेले, खालच्या म्हणजे पोटाच्या बाजूचे दाबलेले. (गॅलिलिओने १६३८ मध्ये तुळईचं गणित मांडलं तेव्हा त्याला वाटलं की अख्खा छेद ताणातच असतो. अर्धा ताणात आणि अर्धा दाबात हे नीट बसवलं कूलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७३ मध्ये. म्हणजे गॅलिलिओसुद्धा इथे चुकला होता, आपण तर कमेंटवाले.) आणि मागचा कट आपण घेतो तो नेमका ताणलेल्या बाजूने, म्हणजे धनुष्याची दोरी एकेक धागा करत कापत जायचं, आणि स्वतः त्याच्या मागेच उभं राहायचं.

थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा.

समजा झाड एक टनाचं, बुंधा ४० सेंटिमीटर व्यासाचा, आणि झुकल्यामुळे त्याचं गुरुत्वमध्य बुंध्यापासून ३ मीटर बाहेर गेलंय. म्हणजे बुंध्यावर ३ टन-मीटरचं वाकवणारं बळ, एककात सांगायचं तर २९ किलोन्यूटन-मीटरच्या वर. अख्ख्या खोडात यामुळे कडेच्या तंतूंवर ५ मेगापास्कलपेक्षा कमी ताण येतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर ५० किलोच्या आतच, लाकडाला हे काहीच नाही, म्हणून तर ते वर्षानुवर्षं तसंच उभं असतं. आता खाच घेतली, ३० सेंटिमीटर लाकूड उरलं, ताण ५ च्या थोडा वर. मागून कापत आलो, १५ सेंटिमीटर उरलं. जाडी निम्मी झाली तर ताण दुप्पट होईल असं वाटतं ना? होत नाही, चौपट होतो, कारण वाकण्यात जाडीचा वर्ग येतो. म्हणजे आता २० मेगापास्कल. साडेआठ सेंटिमीटरला ६४. ओलं लाकूड वाकताना साधारण ५० ते ८० मेगापास्कलला हार मानतं, जातीजातीत फरक असतो. म्हणजे आपल्याला हवी होती ४ सेंटिमीटरची बिजागरी, आणि झाड निघालं ८-९ सेंटिमीटरलाच. आपण अजून कापतोय आणि ते चाललं सुद्धा. चेनसॉ कितीही दणकट असला तरी झाडाला गाठता येत नाही. आपोआप पडतं ते बरोबरच आहे, फक्त आपल्याला पाहिजे त्याच्या आधी.

बरं, आधी निघालं तर निघालं, फाटतं कशाला?

यासाठी एक जाड वही घ्या, दोनशे पानी चालेल. बाइंडिंगची कड एका हातात घट्ट धरा आणि मोकळी कड वाकवा. पानांच्या कडा बघा, आधी सरळ रेषेत होत्या, आता तिरकी उतरण झाली. प्रत्येक पान शेजारच्या पानावरून थोडं घसरलं. आता तीच पानं एकमेकांना डिंकाने चिकटवली असती तर वही एवढी सहज वाकलीच नसती, कारण घसरायचं बळ सगळं डिंकावर आलं असतं. यालाच शिअर म्हणतात. म्हणजे कुठलीही तुळई वाकते तेव्हा नुसती कडेने ताणली-दाबली जात नाही, आतमध्ये लांबीच्या दिशेने तिचे थर एकमेकांवरून घसरायला बघत असतात, आणि हे सगळ्यात जास्त असतं ते मधोमध, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. लोखंडाला फरक पडत नाही, ते सगळ्या दिशांनी सारखंच. पण लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी, लिग्निनने चिकटवलेली. कुऱ्हाडीने ओंडका उभा फोडायला एक घाव पुरतो आणि आडवा तोडायला घाम निघतो हे कुणालाही माहीत असतं. आकड्यात बोलायचं तर तंतूंच्या दिशेने ओढून तोडायला जेवढा ताण लागतो त्याच्या वीस-तीस पट कमी ताणात लाकूड आडवं ओढून उकलतं, आणि तंतूंच्या दिशेने घसरवून फाडायलाही ५ ते १० मेगापास्कल पुरतात.

ही शिअरची भानगड गणितात आणली ती रशियातल्या दिमित्री झुराव्हस्की नावाच्या इंजिनियरने. सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को रेल्वे बांधली जात होती, पूल लाकडाचे, आणि याच्या लक्षात आलं की जाड लाकडी तुळयांना लांबीच्या दिशेने फाटण्याचाच धोका मोठा आहे. तेव्हाच्या सिद्धांतात या घसरण्याचा हिशोबच नव्हता. त्याने तो १८५० च्या दशकात मांडला आणि आज प्रत्येक सिव्हिल इंजिनियर ते सूत्र पाठ करतो, बहुतेकांना लाकडाशी त्याचं काय नातं आहे हे माहीत नसतं तो भाग वेगळा.

आता झाडाकडे परत या. करवतीचं टोक जिथे थांबलंय तिथे मागचे तंतू तुटलेत, त्यांच्यावर आता काही भार नाही, आणि लगेच पुढचे तंतू जीव तोडून ताणलेले. तुटलेल्या आणि न तुटलेल्या तंतूंच्या मधल्या रेषेवर सगळं शिअर गोळा होतं, वर कटच्या टोकाशी उकलणारा ताणही असतोच. जाड पट्टी वाकायला तयार नाही, पातळ पट्टी वाकते, जाड फळी फाटते. मग एक भेग सुरू होते आणि तंतू धरून वर पळते, कधीकधी दोन-तीन मीटर, कधी त्याच्याही वर. आता बिजागरी बुंध्यात उरलीच नाही, ती भेगेच्या वरच्या टोकाला जाऊन बसली, डोक्याच्याही वर. शेंडा पुढे पडतो, पुढचा अर्धा भाग बुंध्याला चिकटून राहतो, आणि मागचा अर्धा, जो आपणच खालून कापून मोकळा केलाय, तो सीसॉसारखा मागे-वर फेकला जातो. जुन्या सलूनमधली मागे कलणारी खुर्ची आठवा, इंग्रजीत याला म्हणूनच बार्बर चेअर म्हणतात. यात जोर किती? एक टन वजन ८ मीटरवरून खाली येतंय म्हणजे ७८ किलोजूल, एक टनाची कार ताशी ४५ किलोमीटरने येऊन धडकावी तेवढा. सगळा जोर त्या फळीत जात नाही हे खरं, पण थोडा गेला तरी पुरे. ॲश, आल्डर अशा सरळ रेषांच्या लाकडाची झाडं यासाठी बदनाम आहेत, कारण भेगेला वाटेत गाठ किंवा पीळ आडवा येत नाही.

वर झाड स्वतःही यात भर घालतं. कललेलं झाड गप्प बसत नाही, ते स्वतःला सरळ करायला बघतं. रुंद पानांची झाडं सहसा पाठीच्या बाजूला वेगळं लाकूड घालतात जे आकसून दोरीसारखं ओढतं, सूचिपर्णी झाडं उलट पोटाच्या बाजूला लिग्निन जास्त असलेलं लाकूड घालून टेकू दिल्यासारखं ढकलतात. म्हणून अशा बुंध्याची वलयं मधोमध नसतात, एका बाजूला सरकलेली दिसतात. म्हणजे वर काढलेल्या आकड्यात हा आधीच भरलेला ताण धरलेलाच नाही.

मग उपाय काय, तर क्रम उलटा करायचा. आणि ही युक्ती मला मनापासून आवडते. मागून आत येण्याऐवजी खाच घेऊन झाली की करवतीचं पातं खोडाच्या बाजूने थेट आत घुसवायचं, बिजागरीच्या मागे. आतून पुढे सरकत बिजागरी बरोबर ४ सेंटिमीटरची करून घ्यायची, मग आतूनच मागे कापत यायचं आणि अगदी पाठीला एक पट्टी सोडून थांबायचं. झाड हलत नाही! मधलं लाकूड सगळं गेलं तरी हलत नाही, कारण वाकण्याचा भार कडा घेतात, मधला भाग जवळजवळ बघ्याच असतो, सायकलचा पाइप पोकळ असून चालतो ते याच कारणाने. आपल्या झाडात मागे ५ सेंटिमीटरची पट्टी ठेवली तर तिच्यावर माझ्या हिशोबाने १३ मेगापास्कलच्या आसपास ताण येतो, म्हणजे भरपूर शिल्लक. मग करवत बाहेर काढायची, श्वास घ्यायचा, पळायची वाट बघून ठेवायची (सरळ मागे नाही, तिरकी मागे), आणि बाहेरून ती शेवटची पट्टी किंचित खालच्या पातळीवर कापायची. फट्‌ आवाज, आणि झाड एकदम निघतं. पण तोवर बिजागरी पातळच आहे, फाटायला जाड लाकूड शिल्लकच नाही.

यात एक काटा आहे. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला तर चेनसॉ उसळून तोंडावर येतो, किकबॅक म्हणतात तो हाच. घुसवताना टोकाच्या खालच्या बाजूने सुरुवात करतात ते यासाठी. व्हिडिओ बघून शिकायची ही गोष्ट नाही, "पाच मिनिटांत शिका" वाले काही म्हणोत.

खोड बारीक असेल तर पातं घुसवायला जागाच नसते. तिथे ओरेगॉनमधल्या कूस बे गावाच्या नावाची एक पद्धत आहे, दोन्ही बाजूंनी कापून मध्ये इंग्रजी टी किंवा त्रिकोणाच्या आकाराचं लाकूड ठेवायचं आणि मागून चटकन संपवायचं. लाकूड इतकं कमी उरतं की झाडापेक्षा करवत आधी पोचते. काही जण कटच्या वर खोडाला साखळी आवळतात, भेग तिथे अडावी म्हणून.

झाड पडायच्या दिशेच्या डाव्या-उजव्या बाजूला कललेलं असेल तर बिजागरी कलाच्या उलट बाजूला जाड ठेवतात. आणि पडायच्या दिशेच्या उलट, मागे कललेलं असेल तर मागच्या कटमध्ये पाचरी ठोकतात. हे गणित मात्र मजेशीर आहे: झाड २० मीटर उंच, बिजागरीपासून पाचर ४० सेंटिमीटरवर, तर पाचरीने अडीच सेंटिमीटर उचललं की शेंडा सव्वा मीटर पुढे सरकतो. कागदावर. ओलं लाकूड पाचरीखाली दबतं, खोड थोडं वाकतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच मिळतं, आणि सव्वा मीटरपेक्षा जास्त कललेलं असेल तर पाचरीवर पाचर रचत बसण्यापेक्षा दोर लावून ओढलेलं बरं. कल किती आहे ते आधी मोजायला किल्ली बांधलेला दोरा डोळ्यासमोर लोंबता धरला तरी कळतं, फक्त नुसतं खोड बघू नका, फांद्या कुठल्या बाजूला जास्त आहेत तेही बघा, वजन बऱ्याचदा तिकडेच असतं.